साडेतीन इंची

मष्णूमामांनी प्रेस बंद केला तेव्हा
तीन महिन्यांच्या पगाराबदली
मला कॉम्प्युटर दिला.
तोही बंद.

शहापुरात सगळे म्हणाले, फसली पोरगी.
बेचाळीस वर्षांची आहे मी.

चार स्क्रू काढले, आतली डिस्क ओढून घेतली,
टॉवेलात गुंडाळली,
आणि खडे बाजारात हुक्केरींच्या दुकानात
काचेवर नेऊन ठेवली.
शिवलिंगप्पांनी आधी पिना बघितल्या,
बैलाचे दात बघावेत तशा.
"साटा आहे. वाचलीस.
रुंद पट्टीवाली असती तर ह्या गावात
हिच्या मापाचं घर मिळालं नसतं."
मग वीतभर लांब धरून म्हणाले,
"साडेतीन इंची. अडीचची असती तर
लॅपटॉपच्या करंटवर जगली असती.
हिला वेगळा अडॅप्टर बेकू."

वेगळा तर वेगळा.
वीस वर्षं मी दोन लिप्यांत पत्रिका लावल्या,
डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड,
गणपती मधोमध एकच,
दोन टाकले तर ब्लॉकचे पैसे वाढतात.
एकदा संकेश्वरच्या लग्नात
नवऱ्याचं नाव दोन्हीकडे वेगळं छापलं गेलं,
लग्न झालं, बिल मात्र अजून यायचंय.
ते सगळं ह्या चपट्या लोखंडात आहे.

त्यांनी तीन डबे मांडले.
पहिला पारदर्शक, सहाशे ऐंशी.
आतलं सगळं दिसतं, निळा दिवा लागतो.
पण कुणाकुणाची मोडलेली लग्नं आहेत आत,
असं उघडं कसं ठेवायचं?
दुसऱ्याला पंखा. लावून दाखवला,
गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं.
तिसरा ॲल्युमिनियमचा, काळपट,
कडेला ओरखडा, स्क्रू चार,
ना दिवा, ना पंखा,
मागं एक बटण, चालू-बंद एवढंच.
"हा जरा जड आहे, खरं टिकतोय."

खरं.
पुण्याची वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा
ह्या शब्दावर अडखळली होती.
भात आहे खरं आमटी नाही, म्हटलं
तर म्हणाली, मी कुठं खोटं म्हटलं?
आमच्याकडे खरं म्हणजे पण.
आणि खरं म्हणजे खरंसुद्धा.
कुठला कुठं, ते आवाजावरून कळतं.

साडेचौदाशे सांगितले, तेराशेला दिला.
वायर आखूड होती, लांब मागितली,
"तीस आणि," म्हणाले.
दिले.

रात्री भाच्याच्या लॅपटॉपला जोडला.
बटण दाबलं. आधी काहीच नाही.
मग आत कुणीतरी खुर्ची मागं सरकवून
उठल्यासारखा आवाज,
आणि डबा हाताखाली बारीक थरथरू लागला.

पत्रिका उघडल्या. सगळी इंग्रजी अक्षरं,
कंस, टिंबं, डॉलरची खूण.
जुना फॉन्ट ह्या लॅपटॉपमध्ये नाही.
वीस वर्षांचे मुहूर्त, सगळे मामा, सगळ्या आत्या
डॉलर झाले.
फॉन्ट मिळेल. शिवलिंगप्पांना विचारीन.

फोल्डरांची नावं तेवढी वाचता आली,
ती मामा स्वतः द्यायचे:
नवीन.
नवीन दोन.
फायनल.
फायनल खरं.

ह्या शेवटच्यावर किती वेळ बाण धरून बसले.
अगदी शेवटचं, असं म्हणायचं होतं त्यांना,
की शेवटचं, पण...
आणि पुढचं लिहायचं राहिलं?

गोकाकला लेकीकडे असतात आता.
फोन लावला.
"मामा, फायनल खरं म्हणजे कुठलं खरं?"
थोडा वेळ टीव्हीचा आवाज आला नुसता.
"खरं म्हणजे खरं की," म्हणाले.
मग, "डबा केवढ्याला घेतलास?"

सांगितलं.

"वायरीला तीस? लुटलं तुला."